पणत्या रंगवा आणि गप्प बसा

डिसेंबरची तीन तारीख जवळ आली की महाराष्ट्रातल्या सभागृहांमध्ये एक ठरलेला प्रयोग लागतो. मागे फ्लेक्स, त्यावर नेत्यांचे मोठमोठे चेहरे आणि त्या चेहऱ्यांच्या फटीत कशीबशी मावलेली ‘जागतिक दिव्यांग दिन’ ही अक्षरं. पाहुणे दीड तास उशिरा. तोवर विशेष शाळेतली मुलं टोचणाऱ्या जरीच्या कपड्यांत, गालांना लाली फासून विंगेत ताटकळलेली. त्यातल्या निम्म्यांना लघवीला जायचंय आणि स्वच्छतागृहाच्या दाराशी पायऱ्या आहेत. मग एकदाचं देशभक्तीचं गाणं लागतं. रंगमंचाखाली बाई गुडघ्यांवर बसून हातवारे करतात, मुलं बाईंकडे बघून हात हलवतात आणि पहिल्या रांगेतली मंडळी रुमाल काढतात. टाळ्या, शाल, श्रीफळ, बिस्किटांचे पुडे, तीनचाकी सायकलींचं वाटप, सायकलीसोबत फोटो. चार डिसेंबरपासून पुढच्या दोन डिसेंबरपर्यंत ह्याच मुलांना नाचावंसं वाटलं तर त्यांनी कुठे जायचं, हा प्रश्न त्या सभागृहात कोणालाही पडत नाही.

मला ह्या प्रयोगाची चीड आहे. मुलांच्या नाचाची नव्हे, कारण नाच त्यात असतोच कुठे? महिनाभर घोकून घेतलेली कवायत असते. एखाद्या पोराने मध्येच स्वतःच्या मनाने गिरकी घेतली तर विंगेतून डोळे वटारले जातात. त्या सबंध कार्यक्रमात मनाला येईल तसं वागण्याची मुभा फक्त रडणाऱ्या पाहुण्यांना असते.

अपंगांमध्ये कलांची वाटणीही आपण परस्पर करून टाकली आहे. डोळ्यांनी दिसत नसेल तर पुढ्यात पेटी सरकवायची. ऐकू येत नसेल तर हातात ब्रश द्यायचा. बुद्धीने मंद असा शिक्का बसला असेल तर पणत्या, राख्या, कागदी पिशव्या. व्हीलचेअरवर असेल आणि तोंड चालत असेल तर प्रेरणादायी व्याख्यान. आणि ज्याला बोलता येत नाही, हातही वळत नाहीत, त्याला खिडकी. खिडकीत बसव, रहदारी बघेल, करमेल त्याला.

ही वाटणी किती बिनडोक आहे हे सांगायला लांब जायला नको. मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ मध्ये दृष्टिहीनांच्या हाती कॅमेरा दिला. ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हा तो उपक्रम. आवाजावरून, उन्हाच्या उबेवरून, स्पर्शावरून अंदाज घेत ही माणसं छायाचित्रं काढू लागली. स्वागत थोरात यांनी १९ दृष्टिहीन कलाकारांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक बसवलं. हेच थोरात २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल लिपीतलं मराठी पाक्षिक काढतात. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या आणि त्या जगभर तालवाद्यं वाजवतात. अनवाणी उभ्या राहतात, कंपनं पायांतून घेतात. आपल्याकडच्या एखाद्या विशेष शाळेत त्या गेल्या असत्या तर त्यांच्या हातात ब्रश पडला असता, आणि हळदीकुंकवाला बायकांनी म्हटलं असतं, ‘गुणी आहे हो पोर, चित्रं छान काढते.’

आता पणत्या. दिवाळीच्या आधी सोसायटीच्या आवारात टेबल मांडलं जातं. ‘विशेष मुलांनी रंगवलेल्या’ असा फलक. मागे बसलेल्या ‘मुलां’पैकी एकाचे केस पिकलेले असतात, पण तो मूलच. आपण डझनभर पणत्या घेतो, सुटे पैसे परत मागत नाही आणि मन कसं हलकं होतं. काम करण्यात काहीच गैर नाही. कामाला काम म्हणा आणि मजुरी द्या. पण तिथे गंमत अशी की मजुरी विचारली तर सांगतात, ‘अहो, ही थेरपी आहे.’ बरं, थेरपीने काय साधलं असं विचारलं तर उत्तर येतं, ‘निदान हात कामात राहतात.’ नक्षी ठरलेली, रंग ठरलेले, ठिपका रेषेबाहेर गेला तर बाई पुसून परत हातात देतात. ज्या वस्तूत करणाऱ्याची एकही निवड नाही तिला कला म्हणायचं, जिचे धड पैसे मिळत नाहीत तिला उद्योग म्हणायचं आणि हिशेब मागितला की दोन्हींच्या मधल्या बोळातून पळून जायचं.

ज्यूडिथ स्कॉट ही बाई ह्या संदर्भात मला नेहमी आठवते. जन्म १९४३, अमेरिकेतलं ओहायो राज्य, डाउन सिंड्रोम, सोबत एक जुळी धडधाकट बहीण. सातव्या वर्षी तिला घरातून उचलून सरकारी संस्थेत ठेवलं. ती बोलत नाही म्हणून बुद्धी अगदीच नाही असं तिथल्या शहाण्यांनी ठरवून टाकलं. तिला ऐकू येत नव्हतं, हे कळायला कित्येक वर्षं गेली. पस्तीसेक वर्षं अशी गेल्यावर जुळ्या बहिणीने कायद्याने तिचा ताबा घेतला आणि कॅलिफोर्नियात नेलं. तिथे ओकलंड शहरात १९७४ पासून ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ नावाचं केंद्र आहे, अपंगांसाठीचा खुला स्टुडिओ. १९८७ मध्ये ज्यूडिथ तिथे जाऊ लागली. जवळजवळ दोन वर्षं तिने म्हणावं असं काही केलं नाही. कागद-रंगात तिचं मन रमेना. आणि तिथल्या लोकांनी तिला हाकललं नाही, पणत्याही दिल्या नाहीत. मग धाग्यांचं काम करणाऱ्या एका कलावतीची कार्यशाळा झाली, आणि ज्यूडिथने काय केलं, तर हाताला लागेल ती वस्तू उचलून तिच्याभोवती लोकर, दोरे, चिंध्या गुंडाळायला सुरुवात केली. दिवसच्या दिवस. २००५ मध्ये ती वारली तेव्हा मागे सुमारे दोनशे शिल्पं होती. पुढे ब्रुकलिनच्या संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

मला त्या प्रदर्शनापेक्षा त्याआधीची दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. आपल्याकडे कुठलं अनुदान, कुठला दाता, कुठला तपासणी अधिकारी दोन वर्षं काहीच न करणाऱ्या बाईचा खर्च सोसेल? ‘प्रगती अहवाल’ नावाच्या रकान्यात काय लिहायचं?

उपयोग काय, हा आमचा लाडका प्रश्न. तुम्ही-आम्ही रात्री अकरापर्यंत आयपीएल बघतो, त्याने मेंदूतल्या कुठल्या पेशीला चालना मिळते असं कोणी विचारत नाही. काकू भिशीला जातात, त्याचं मूल्यमापन होत नाही. पण अपंग माणसाने नुसतं पाण्यात डुंबायचं म्हटलं तरी त्याला कागद लागतो. ताठरपणा किती अंशांनी कमी झाला? एकाग्रता वाढली का? जी मौज इतरांना फुकट मिळते ती अपंगांनी सुधारणेचा पुरावा जोडून कमवायची.

विचारलाच आहे, तर उपयोगाचं उत्तर देते. उपयोग आहे, भरपूर आहे, आणि त्याची काही उदाहरणं पुण्यातच आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, त्यांत पार्किन्सन्स आहे. ह्या आजारात मेंदूतल्या ज्या यंत्रणेकडून ‘उचल पाऊल’ हा हुकूम आपोआप सुटतो तीच ढेपाळते. माणूस दारात उभा राहतो आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. ढकललं तर पडतो, ओरडलं तर आणखी गोठतो. पण जमिनीवर खडूने आडव्या रेषा मारा, तोच माणूस रेषा ओलांडत चालायला लागतो. किंवा ठेका द्या. आतून न येणारा हुकूम बाहेरून, कानांतून येतो आणि पाऊल पडतं. कोलोरॅडोत मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात हे मोजून दाखवलं. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नाचाचे वर्ग काढले. आणि पुण्यात कथक शिकलेल्या, पुढे जर्मनीत ड्रेस्डेनला आधुनिक नृत्याचं शिक्षण घेतलेल्या हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळातल्या लोकांना नाच शिकवायला घेतला. साठी-सत्तरीतली माणसं. ज्यांनी आयुष्यात गणपतीच्या मिरवणुकीतही पाय हलवला नसेल अशी मध्यमवर्गीय, सदाशिव पेठी वळणाची माणसं. ती नाचतात.

ह्यात दोन गोष्टी आहेत आणि आपण नेहमी पहिलीवरच थांबतो. पहिली, तोल, पाऊल, चेहऱ्याचे स्नायू, ह्यांना होणारा फायदा. दुसरी, तिथे कंप लपवावा लागत नाही. चहाचा कप हिंदकळेल म्हणून लग्नाला जाणं सोडलेला माणूस वर्गात हात वर करतो, हात थरथरतो, शेजारच्याचाही थरथरतो, आणि दोघं पुढच्या हालचालीकडे वळतात. आजार हटत नाही, औषधाची गोळी सुटत नाही. पण चार भिंतींत कोंडून घेतलेला माणूस कपडे करून घराबाहेर पडतो, आणि ते कुठल्या चाचणीत मावणार आहे?

पक्षाघाताचं तसंच. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की अनेकदा वाचा जाते. माणसाला पाणी हवंय हे सांगता येत नाही, बायकोचं नाव घेता येत नाही. आणि गणपतीत आरती सुरू झाली की तोच माणूस पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणतो. घरच्यांना वाटतं चमत्कार झाला. चमत्कार वगैरे काही नाही. गाणं आणि घोकलेले शब्द मेंदूत काहीशा वेगळ्या वाटांनी जातात आणि त्यांतल्या काही वाटा शाबूत राहतात. बॉस्टनमधल्या संशोधकांनी १९७३ मध्ये ह्याच वाटेने, सुरावटीवर वाक्यं बसवून आणि डाव्या हाताने ठेका धरून, बोलणं परत आणण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे मात्र तीच आरती संपते, ‘बाप्पाची कृपा’ म्हणून प्रसाद वाटला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाशी कोणी बोलत नाही.

आता दुसऱ्या टोळीकडे वळते, कारण रुमालवाल्यांना झोडपून ह्यांना सोडलं तर अन्याय होईल. ही टोळी थेरपी विकते. शनिवार-रविवारच्या शिबिरात प्रमाणपत्र मिळवायचं, सोमवारी पाटी लावायची. अमुक राग सकाळी ऐकवला की स्वमग्नता जाते, तमुक मंडल रंगवलं की मतिमंदत्व उतरतं. व्हॉट्सअॅपवर आईबापांचे जे गट आहेत त्यांत ह्या जाहिराती रोज फिरतात. थकलेल्या आईला कोणी ‘बरा होईल’ म्हटलं की ती मंगळसूत्र मोडून पैसे भरते. ह्या धंद्यात सगळ्यात स्वस्त वस्तू आशा आहे आणि विक्रीची किंमत सगळ्यात जास्त तिचीच.

पुरावा काय सांगतो ते स्पष्ट सांगते. २०१७ मध्ये ‘जामा’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी छापून आली. नऊ देशांतली ३६४ स्वमग्न मुलं, वय चार ते सात. निम्म्यांना नेहमीच्या मदतीसोबत संगीतोपचार, निम्म्यांना नुसती नेहमीची मदत. पाच महिन्यांनी सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. संगीतोपचाराच्या समर्थकांना हा निकाल गिळायला जड गेला. पुढे २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा चित्र जरा उजळ दिसलं. मुलांची एकूण स्थिती, जगण्याचा दर्जा, लक्षणांची एकूण तीव्रता ह्यांत फायदा दिसतो. संवाद आणि मिसळणं ह्यांबाबत मात्र ठाम पुरावा नाही. म्हणजे संगीताने मूल स्वमग्न असायचं थांबत नाही. त्याचा दिवस बरा जातो. मला विचाराल तर एवढं कारण पुरेसं आहे. एखाद्याचा दिवस बरा जावा म्हणून गाणं लावणं ह्यात कमीपणा कसला? तुमच्या घरी आकाशवाणी लागते ती कोणाचा आजार बरा करायला?

खेळ आणि उपचार ह्यांचं नातं नीट कळलेला माणूस म्हणजे लुडविग गुटमान. नाझी जर्मनीतून पळालेला ज्यू मेंदू-मज्जातज्ज्ञ. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्याच्याकडे मणका मोडलेल्या सैनिकांचा विभाग आला. त्या काळी अशी माणसं बिछान्यातल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने मरायची, आणि डॉक्टर मंडळी शांतपणे वाट बघायची. गुटमानने त्यांना दर काही तासांनी कुशीवर वळवायला लावलं, आणि थोडी ताकद येताच खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांनी व्हीलचेअरवर बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. पुढे त्याचं पॅरालिंपिक झालं. खेळ हा त्याच्याकडे उपचाराचाच भाग होता, रोजचा, जेवणाच्या आणि औषधाच्या वेळेसारखा. वर्षातून एकदा नेता येणार म्हणून मांडलेला नव्हे.

ह्या कथेचा एक धागा सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरला येतो. मुरलीकांत पेटकर, लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकून वर आले, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. त्याची दखल म्हणून पद्मश्री कधी, तर २०१८ मध्ये. शेहेचाळीस वर्षांनी. अर्जुन पुरस्कार त्यांच्यावर हिंदी सिनेमा येऊन गेल्यावर, २०२५ च्या जानेवारीत. पडद्यावर नट रडला तेव्हा कुठे दिल्लीला कळलं की खरा माणूस पुण्यात राहतो.

आणि आज? तुमच्या गावातल्या तरण तलावाकडे जा. तिथे कठडा धरून उतरता येईल असा उतार आहे का, खुर्चीसकट पाण्यात सोडणारी यंत्रणा आहे का ते बघा. पाणी वजन उचलून धरतं, जमिनीवर न उठणारा पाय पाण्यात हलतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण तलावाच्या व्यवस्थापकाला विचारलं की तो म्हणतो, ‘इतर मेंबर तक्रार करतात, मॅडम.’ हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

कारण माझा मोठा भाऊ. सेरेब्रल पाल्सी. दादाला त्याच्या शाळेने अठराव्या वर्षी गुलाबाचं फूल देऊन निरोप दिला. शाळा तोवरच असते. पुढे काय, हे त्या फुलासोबत कोणी सांगितलं नाही. महाराष्ट्रात असे हजारो दादा आणि ताया गॅलरीत बसून म्हातारे होतात, हे दर वर्षी डिसेंबरात टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊकच नसतं. फिजिओथेरपिस्ट यायचा, हात धरून वर-खाली करायचा, मोठ्याने आकडे मोजायचा. दादा छताकडे बघत राहायचा. मग शेजारचा एक मुलगा, तबला शिकणारा, संध्याकाळी रियाजाला आमच्याकडे येऊ लागला, त्याच्या घरी ओरडा बसायचा म्हणून. एकदा त्याने सहज डग्गा दादाच्या पुढ्यात ठेवला. दादाचा पंजा मिटलेलाच असतो. त्याने मनगटानेच थाप मारली. सम चुकली आणि दोघं हसत सुटले.

पंजा उघडला का? फारसा नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईने खरं तेच सांगितलं. पण पोरगा यायला उशीर झाला की दादा भांडायला लागला. दाराकडे बघून ओरडायचा, आईला घड्याळ दाखवायचा. आयुष्यभर जे मिळेल ते घेत आलेला माणूस पहिल्यांदा काहीतरी मागत होता. मग त्या मुलाला बेंगळुरूत नोकरी लागली. त्याने जायलाच हवं होतं, त्याचा काय दोष? दोष हा की त्याच्या जागी दुसरं कोणी येण्याची सोयच नव्हती. शहरात नाचाचे, गाण्याचे, चित्रांचे क्लास गल्लोगल्ली आहेत. एका नावाजलेल्या क्लासच्या बाईंनी मला फोनवर फार गोड आवाजात सांगितलं, ‘आमच्याकडे नॉर्मल बॅच असते हो.’ शेजारच्या पोराच्या चांगुलपणावर एका माणसाचा सगळा आनंद टांगलेला असेल, तर त्या समाजाने संस्कृतीच्या गप्पा मारू नयेत.

चांगुलपणावर सोडायचं नाही म्हणूनच कायदा असतो, आणि गंमत म्हणजे तो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याचा अनुच्छेद ३० सांस्कृतिक जीवन, करमणूक, विश्रांती आणि खेळ ह्यांबद्दल आहे. आपल्या २०१६ च्या कायद्याचं कलम २९ वाचा, थक्क व्हाल. अपंग कलावंत आणि लेखकांना पाठबळ, करमणूक केंद्रं, नृत्य, कलावर्ग, मैदानी शिबिरं, साहसी उपक्रम, दूरचित्रवाणीवर खुणांची भाषा किंवा सबटायटल, अपंगांच्या इतिहासाचं संग्रहालयसुद्धा. कलम ३० खेळांचं. हे सगळं सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी करायचं आहे, असं तिथे छापलेलं आहे. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या परिशिष्टात तर कला, नृत्य आणि रंजन उपचारकांचा नावानिशी उल्लेख आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ‘कोलकाता संवेद’ ह्या संस्थेबरोबर नृत्योपचाराची पदविकाही चालवली. म्हणजे शिकलेली माणसं नाहीत ही सबब चालणार नाही.

तरी भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीतले व्यावसायिकांचे सोळा वर्ग बघा. त्यात वाचातज्ज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत, कृत्रिम अवयव बनवणारे आहेत, कार्यशाळा व्यवस्थापकही आहे. कला किंवा नृत्याचा उपचारक नाही. पणत्यांवर देखरेख करणारा मान्यताप्राप्त, नाच शिकवणारा उपरा. त्यामुळे शाळेला त्याच्यासाठी पद मागता येत नाही, पद नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून नृत्योपचार शिकलेली मुलगी कॉर्पोरेट कंपन्यांत ताण घालवण्याचे खेळ घेत फिरते.

मग पैसा नाही म्हणतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग नोंदले गेले, तेही जुन्या मोजक्या प्रकारांप्रमाणे. राज्याने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं काढलं, त्याचा डंका देशभर वाजवला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे आहेत. ह्या पैशांतून गावोगाव काय होतं ते विचारा. कुठे खात्यात थोडी रक्कम, कुठे भांड्यांचा संच, कुठे शिलाई मशीन, आणि कुठे मार्चअखेरीला घाईघाईने केलेली अशी खरेदी की वस्तूंवर धूळ बसते. आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिराचं दार उघडं ठेवून, उतार बांधून, एका शिकलेल्या माणसाला मानधन देऊन गाणं-नाच-खेळ सुरू करायला ह्या ५ टक्क्यांचा फार मोठा तुकडा लागत नाही. पण त्याचा फोटो सायकलवाटपाइतका चांगला येत नाही. सायकल एका दिवसात वाटून होते. संध्याकाळचा वर्ग दर आठवड्याला चालवावा लागतो, आणि दर आठवड्याला पाहुणा कुठून आणायचा?

हे वाचून ज्यांना गहिवरून आलं असेल त्यांनी कृपया गहिवर आवरावा. देणगी नको, पुढच्या दिवाळीला दुप्पट पणत्या घेतल्या नाहीत तरी चालेल. एक काम करा. माहितीच्या अधिकारात तुमच्या ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला किंवा महापालिकेला तीन प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत ५ टक्के निधीतला किती खर्च झाला? त्यातला किती कलम २९ आणि ३० खाली, म्हणजे करमणूक, कला आणि खेळ ह्यांवर झाला? आणि तुमच्या हद्दीतल्या किती नाट्यगृहांत, बागांत आणि तरण तलावांत व्हीलचेअर दारापासून आतपर्यंत जाते? अर्जाची फी १० रुपये आहे, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.